कचोरी शेगावातच राहायला हवी होती काय?

वऱ्हाडात एक मत इतकं रुजलं आहे की त्याला कुणी मत म्हणतच नाही, ते अनुभव म्हणूनच सांगितलं जातं. पुण्यात, नागपुरात किंवा मुंबईच्या एखाद्या उपनगरात ‘शेगाव कचोरी’ अशी पाटी दिसली की आपल्याकडचा माणूस नाक मुरडतो. “आता तशी नाई रायली बाप्पा. खायची तं शेगावातच.” एवढं बोलून तो पुढे जातो. न्यायनिवाडा झालेला असतो, फक्त आरोपीची बाजू ऐकायची राहून गेलेली असते.

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनिशी मांडतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सोपं तेवढं खोडलं. त्याचं म्हणणं असं: शेगाव ही गजानन महाराजांची नगरी. भक्तांच्या गर्दीवर एक लहानसं दुकान जगलं आणि वाढलं. दुकानदार बाहेरून आलेला, पदार्थही मारवाडाकडचा; गावाने दोघांनाही पोसलं. एक कुटुंब, एक कढई आणि एक गल्ला होता तोवर त्या व्यवहारात नेकी होती. पुढे शाखा निघाल्या, नावाचा बाजार झाला. शेगावच्या पाण्याची चव दुसऱ्या गावी येणार तरी कुठून? आणि हे सगळं अशा गावात, जिथे संस्थानाचे सेवाधारी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता राबतात. सेवेच्या शेजारी धंदा उठून दिसतो, आणि तो बरा दिसत नाही.

हे मत मूर्खांचं नाही. त्यामागे गावाविषयीची माया आहे. व्यापाऱ्याविषयीचा जुना संशयही आहे, आणि तो वऱ्हाडाने उगाच कमावलेला नाही. कापसाच्या गाड्या घेऊन जिनाच्या फाटकावर उभं राहिलेल्या शेतकऱ्याने मापात, कटतीत, भावात काय काय सोसलं हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. वऱ्हाडातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंज्याला १८८६ साली झाला आणि १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदाच करावा लागला. त्यात मँचेस्टरच्या गिरण्यांचा स्वार्थ होता हे खरं, पण बाजाराला कायद्याची वेसण हवी होती हेही तितकंच खरं. तेव्हा दुकानदाराच्या नेकीविषयी शंका घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. माझा आक्षेप एवढाच की या प्रकरणात शंका चुकीच्या जागी घेतली गेली आहे आणि श्रेय चुकीच्या जागी दिलं गेलं आहे.

आधी सालं पाहू. भुसावळहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही सगळी स्टेशनं याच मार्गावरची. महाराज शेगावात प्रकटले २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. म्हणजे आगगाडी आधी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी गॅझेटियरांना शेगाव ठाऊक होतं ते जिन-प्रेसांचं, कापसाच्या उलाढालीचं गाव म्हणून. १९०१ साली तिथली वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती. या स्टेशनवर, देवळाच्या महाद्वारात नव्हे, १९५०च्या सुमारास कचोरी विकायला सुरुवात झाली. विकणारे तीरथराम शर्मा फाळणीनंतर पंजाबातून इकडे आले होते आणि स्टेशनवरचं उपाहारगृह चालवत होते. पहिलं गिऱ्हाईक होतं ते मुंबई-नागपूर मार्गावरचा उतारू. त्यात महाराजांच्या दर्शनाला आलेले लोक होतेच, कसे नसतील? पण कापसाचे दलाल, मुंबईला निघालेले कारकून, नागपूरला परीक्षेला चाललेली पोरं, आणि शेगावला न उतरता फक्त खिडकीतून हात बाहेर काढणारे असंख्य लोकही होते.

गर्दीने दुकान मोठं केलं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. गर्दी एवढ्याने भागत असेल तर शिर्डीची कचोरी कुठली? तुळजापूरचं असं काय आहे, जे चार जिल्हे ओलांडून पाटीवर चढलं? नरसोबाच्या वाडीचे पेढे कुणी पुढे करील, तर ते मान्य. पण पेढा नैवेद्याच्या ताटात जातो. कचोरी जात नाही. महाराजांना भक्त दाखवतात तो पिठलं-भाकरीचा नैवेद्य. कचोरी देवासमोर ठेवत नाहीत, प्रसाद म्हणून वाटत नाहीत, ती परतीच्या वाटेवर घेतात. विदर्भात संताच्या नावाची भोजनालयं, मेडिकल आणि मोटार गॅरेजं गल्लोगल्ली आहेत. या पदार्थाने मात्र महाराजांचं नाव घेतलं नाही, गावाचं घेतलं. देवाच्या नावावर पोट भरल्याचा आरोप नेमका याच पदार्थावर यावा, हे अजबच म्हणायचं.

आता परकेपणाचा मुद्दा. तो थोडक्यातच आटोपतो, कारण तो एका ओळीच्या लायकीचा आहे. शेगाव स्वतः १९०५ सालापर्यंत बुलढाणा जिल्ह्यात नव्हतं. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके त्या वर्षी अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले, तेव्हा खामगाव तालुक्याबरोबर तेही इकडे आलं. महाराजांच्या चरित्राच्या पोथीचा पहिला अध्याय ज्यांना पाठ आहे त्यांना हेही आठवेल की उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचणारे महाराज ओळखले ते बंकटलाल अगरवालांनी. पुढे महाराजांचं बिऱ्हाड पडलं तेही त्यांच्याच घरी. म्हणजे पूर्वपक्ष ज्या शेगावचा दाखला देतो, त्याच्या पहिल्याच पानावर एका मारवाडी व्यापाऱ्याचं घर उभं आहे. परका कोण, हे मग कुठल्या सालापासून मोजायचं?

उलट मला वाटतं, तीरथरामांचं परकेपण हाच या कथेचा कणा आहे. फाळणीत घर गमावून आलेल्या माणसाला इथे शेत नव्हतं, सोयरीक नव्हती, गावकीत मान नव्हता. त्याच्या हाती होता तो फलाटाचा एक कोपरा आणि थांबलेली गाडी. फलाट ही विलक्षण जागा आहे. त्याआधी काही वर्षांपर्यंत याच देशातल्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या हाका ऐकू येत. तो प्रकार मागे पडत होता त्या काळात ही कढई पेटली. पाच मिनिटं थांबणाऱ्या गाडीत जात विचारायला सवड कुणाला? पहिल्या वर्गाच्या उतारूला आणि जनरल डब्यातल्या मजुराला तीच कचोरी, त्याच भावात, त्याच कागदात. समाजमूल्यं म्हणून ज्यांचा गौरव होतो त्यांतलं एक मूल्य या व्यवहारात कुणी उपदेश न करता पाळलं जात होतं. त्यासाठी कुणाला संत व्हावं लागलं नाही.

पाण्याच्या चवीचं म्हणणं मात्र मी एका ओळीत सोडणार नाही, कारण पूर्वपक्षाला तेच सर्वांत लाडकं आहे. शेगाव तालुका पूर्णेच्या खोऱ्यात येतो. या खोऱ्याला सारा विदर्भ खारपाणपट्टा म्हणतो. विहिरीला पाणी लागलं तरी ते पिण्याला आणि ओलिताला निकामी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायांनी गोड्या पाण्यासाठी पायपीट केली; मूत्रपिंडाच्या विकारांचं गाऱ्हाणं याच पट्ट्यातून येतं; धरणांवरून नळयोजना आणाव्या लागल्या त्याही इथेच. पोथीतही अकोलीच्या भास्कर पाटलाने महाराजांना पाणी नाकारलं आणि कोरडी विहीर भरली, ही कथा का रुजली असावी? पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखालाच अशी कथा जिव्हाळ्याची वाटते. त्या मुलखाच्या पाण्याला कचोरीचं श्रेय देणं म्हणजे जखमेलाच दागिना म्हणणं झालं.

शिवाय कचोरीत पाणी असतं किती? मैद्याची पारी तेलाचं मोहन घालून घट्ट मळलेली. आत मूगडाळ-बेसनाचं तिखट, कोरडं सारण. कढईत मंद आच, कारण आच वाढली की वरून रंग येतो आणि आतला थर कच्चा राहतो. सोबत तळलेली, मीठ लावलेली हिरवी मिरची. चव कशात असेल तर ती मोहनाच्या मापात, मसाल्याच्या भाजणीत आणि तळणाऱ्याच्या धीरात. यांतलं काहीही गावच्या वेशीशी बांधलेलं नाही. माप लिहून देता येतं, मसाला पोत्यात भरून पाठवता येतो, धीर शिकवता येतो. शेवटची गोष्ट अवघड आहे, हे कबूल.

इथे मूळ मुद्दा येतो. या पदार्थाची घडण पाहा. त्यात बटाटा नाही, कांदा नाही, ओली चटणी नाही. चटणीऐवजी मिरची दिली जाते. ती सांडत नाही, आंबत नाही, कागदात बांधता येते. समोसा त्याच फलाटावर मिळतो, पण तो गरम असेतोवर खायचा. कचोरी दुसऱ्या दिवशीही घरी खाता येते. ती जागेवर खाण्यासाठी केलेलीच नाही. ती गाडीत बसून जाण्यासाठी केली आहे. बडनेऱ्याला, नागपूरला, कल्याणला कुणाच्या तरी घरी पोहोचण्यासाठी केली आहे. ‘खायची तर शेगावातच’ हा आग्रह म्हणूनच मुळावर घाव घालणारा आहे. जी वस्तू शेगाव सोडून जावी म्हणून जन्मली, तिने शेगाव सोडलं हा तिचा गुन्हा कसा ठरतो?

आणखी एक गोष्ट. छोटं दुकान नेक असतं, कारण दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखतो, असं म्हणतात. किराणा दुकानात ते खरं असेलही. उधारीच्या वहीत नाव असलेल्या माणसाला फसवणं जड जातं. पण फलाटावर? तिथलं गिऱ्हाईक पाच मिनिटांत निघून जातं, पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, तक्रार करायला ते परत फिरत नाही. ओळखीतूनच नेकी येत असती, तर फलाटावरचं खाणं हे देशातलं सर्वांत वाईट खाणं असायला हवं होतं. बरेचदा ते असतंही. मग हेच एक दुकान त्याला अपवाद का ठरलं? कारण अनोळखी माणसालाही तोच माल द्यायचा, ही शिस्त पहिल्या दिवसापासून या धंद्याच्या पोटात होती. शाखा चालवायला लागते ती हीच शिस्त. पुण्यातल्या दुकानात येणारं गिऱ्हाईकही अनोळखीच असतं. जे घराणं एका कढईवर अनोळखी माणसांना विकतच मोठं झालं, त्याला दहा कढयांवर तेच करणं हा विश्वासघात नाही. तो त्याच कामाचा विस्तार आहे.

आणि काळही बदलला होता. वातानुकूलित डब्याची खिडकी उघडत नाही. हात बाहेर काढून पुडा घेणारा उतारू त्या काचेमागे बंद झाला. पैसेवाला प्रवासी मोटारीने फिरू लागला, आणि मुंबई-कोलकाता महामार्ग खामगावातून जातो, शेगावातून नव्हे. गिऱ्हाईक फलाटावर येईनासं झालं तर दुकानाने काय करायचं? गिऱ्हाइकाच्या मागे जायचं, की नेकीचा पुतळा होऊन बसायचं?

शाखांनी मूळ दुकान मरतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी धारवाडकडे पाहावं. तिथल्या पेढ्याचा लौकिक ठाकूर घराण्याने उभा केला, आणि तेही उन्नावहून आलेलं. लाइन बाजारातल्या एकाच दुकानाला ते दीर्घकाळ चिकटून राहिले. पेढा संपला की संपला. त्याच बाजारात मिश्रा घराण्याने उलट वाट धरली, शाखामागून शाखा काढल्या, बसस्टँडवर आणि रेल्वे स्टेशनांवर पेढा पोहोचवला. ठाकुरांच्या दुकानापुढची रांग त्यामुळे मोडली नाही. मिश्रांमुळे धारवाडी पेढा अशा माणसांनाही माहीत झाला जे धारवाडला कधी जाणार नाहीत. दोन्ही वाटा सभ्य आहेत. एकीला धर्म आणि दुसरीला अधर्म ठरवण्याचा अधिकार खाणाऱ्याला कुणी दिला?

सगळ्या शाखांतली कचोरी चांगली असते, असं मात्र माझ्या तोंडी कुणी घालू नये. सकाळी तळून दुपारी मायक्रोवेव्हमध्ये तापवलेली, पारी चामड्यासारखी झालेली कचोरी मीही खाल्ली आहे. ती वाईटच होती. पण ती वाईट होती कारण ती नीट तळली नव्हती, दुकान शेगावात नव्हतं म्हणून नव्हे. शेगावातही वाईट कचोरी मिळते, हे तिथला कुठलाही रिक्षावाला सांगेल. शिवाय परगावची पाटी म्हणजे शर्मांचीच शाखा, असंही नाही. घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी व्यवसाय बाहेर नेला, तसा इतर पुष्कळांनी त्याच नावाने आपापला थाटला. कुणाच्या कढईतला दोष कुणाच्या माथी मारायचा, एवढा विवेक टीकाकाराने ठेवायला हवा.

आणि इथेच पूर्वपक्ष स्वतःच्या बोलण्यात अडकतो. एका श्वासात तो म्हणतो की या घराण्याने गावाच्या नावाचा बाजार मांडला. दुसऱ्या श्वासात म्हणतो की आता कुणीही उठून शेगाव कचोरी विकतो. दोन्ही आरोप एकदम कसे खरे असतील? हल्दीरामचं उदाहरण घ्या. बिकानेरचं घराणं, त्याची एक पाती नागपुरात. तिथे भुजियावर चढलं ते पूर्वजाचं नाव, आणि त्या नावासाठी दिल्ली आणि कोलकात्याच्या पात्यांमध्ये वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. शेगावात पदार्थावर गावाचं नाव चढलं. त्यामुळे ते कुणा एकाच्या तिजोरीत मावलं नाही. स्टेशन रोडवर, बसस्टँडजवळ, मंदिराच्या वाटेवर किती कुटुंबांच्या चुली या एका नावावर पेटतात, ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. घराण्याची इच्छा असो वा नसो, त्याचा शोध गावाचा व्यवसाय झाला. गावाला परत काय दिलं, असं विचारणाऱ्यांनी त्या चुली मोजाव्यात.

राहिली सेवा आणि धंद्याची तुलना. संस्थानाचा विश्वस्त मंडळ म्हणून कारभार १९०८ साली, महाराजांच्या हयातीत सुरू झाला. पुढे शिवशंकरभाऊ पाटलांनी त्याला जी शिस्त लावली ती साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. स्वच्छता, हिशेब, रांग, वेळ. पूर्वपक्षाला त्यात फक्त निरपेक्षता दिसते. मला तितकंच ठळक दिसतं ते काम रोज, सारखं आणि चोख करण्याचं व्रत. ते सेवाधाऱ्याला लागतं तसं तळणाऱ्यालाही लागतं. एकाने मोबदला घेतला म्हणून त्याचं व्रत बाद होत नाही. नाहीतर आपल्या शाळांतले पगारी मास्तर आणि दवाखान्यांतल्या पगारी परिचारिका यांचं काय करायचं?

‘मूळ दुकान’ या शब्दांची मोहिनीही एकदा तपासून पाहावी. मूळ जागा कोणती? स्टेशनवरचं उपाहारगृह. ते कुणाचं? रेल्वेचं. फलाटावरची जागा विक्रेत्याच्या मालकीची कधीच नसते. तिथे असतो परवाना, असते मुदत, असते निविदा. १९९९ साली खानपानासाठी वेगळं महामंडळ निघालं. त्यानंतर २००५, २०१० आणि २०१७ साली खानपान धोरण बदललं, कधी महामंडळाकडे, कधी विभागीय रेल्वेकडे. अशा भाड्याच्या भूमीवर जन्मलेल्या धंद्याला एकाच जागी खिळून राहा म्हणणं सोपं आहे, कारण जागा गेली तर नुकसान सांगणाऱ्याचं होत नाही. ज्या घराण्याने एकदा सगळी जागा गमावली, त्याने सारी पुंजी पुन्हा एकाच जागेवर ठेवायची?

अस्सलपणाची काळजी खरीच असेल तर तिच्यासाठी वाट आहे. भौगोलिक उपदर्शनांचा १९९९चा कायदा हा प्रश्न घराण्याच्या हातून काढून गावाच्या हाती देतो. अर्ज करायचा तो एका दुकानाने नव्हे, उत्पादकांच्या संघटनेने. सारण कोणतं, पारी किती जाड, तळण कसं, हे साऱ्यांनी बसून ठरवायचं आणि पाळायचं. ज्या धारवाडी पेढ्याची गोष्ट वर केली, त्याला हे मानांकन मिळालेलं आहे. आणि कारखानी मालाबाबत हाच कायदा म्हणतो की उत्पादन, प्रक्रिया किंवा सिद्धता यांपैकी एक काम त्या प्रदेशात झालं तरी पुरे. म्हणजे सारण शेगावात भाजावं आणि कचोरी पुण्यात तळावी, याला खुद्द अस्सलपणाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याची हरकत नाही. पुण्याच्या पाटीपुढे नाक मुरडणाऱ्यांना याहून अधिक काय हवं आहे, ते त्यांनी आता वाचकांसमोर येऊन सांगावं.